सभागृह दारात आले, आमचा माणूस मात्र बाहेर!

(बेळगाव-निपाणी सीमाभागातील निवडणुकांविषयी गोमंतकीय श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चोर्ला घाट उतरून गोव्यात येणाऱ्या बेळगावकराला इथे एक प्रश्न ठरलेला असतो. "काय हो, तुमच्या समितीचे काय?" पूर्वी हाच प्रश्न "यंदा किती जागा येणार?" असा विचारला जात असे. आता तो "समिती पुन्हा विधानसभेत दिसेल काय?" असा विचारला जातो. प्रश्नातला हा फरक लहान नाही. त्याचे उत्तर आज द्यावयाचे मी ठरविले आहे. ते गोडच असेल असे मात्र समजू नका. जयजयकाराची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. आज हिशेबाची वही उघडू.

वही काय सांगते?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा सारा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडण्यात आला. त्याआधीच, १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगावात आणि निपाणीत माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली होती. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, महादेव बारीगडी, लक्ष्मण गावडे, निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. दर १७ जानेवारीला हुतात्मा दिन आणि दर १ नोव्हेंबरला काळा दिन आम्ही पाळतो तो यासाठी.

या जखमा ताज्या असतानाच १९५७ ची निवडणूक आली. बेळगाव शहराने बा. रं. सुंठणकरांना निवडून दिले. १९६२ साली म्हैसूरच्या २०८ जणांच्या विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे ६ आमदार बसले. पुढे बळवंतराव सायनाकांसारखी माणसे शहराने पाठविली. १९५७ पासून १९९९ पर्यंत बेळगाव शहराची जागा समितीची, हे जणू ठरूनच गेले होते. समितीने दगड उभा केला तरी निवडून येईल, असे लोक म्हणत.

आता तुम्ही विचाराल, २०८ जणांत सहा माणसे काय करणार होती? सहा आमदारांनी सरकार उभे राहत नाही आणि पडतही नाही. प्रश्न बरोबर आहे. आणि या प्रश्नाच्या उत्तरातच समितीचा सारा स्वभाव आहे. बंगळूरचे राज्य हाती घेण्यासाठी आमच्या लोकांनी आमदार कधीच निवडले नाहीत. देवळात आपण देवाला कौल लावतो, तसा आमचा मतदार दर पाच वर्षांनी कौल लावीत होता. "आम्ही अजून इथेच उभे आहोत, आमचे म्हणणे अजून तेच आहे," एवढे तो मताने सांगत होता. आमदार हा त्या कौलाचा साक्षीदार.

हा कौल १९९९ साली पहिल्यांदा डावा पडला. शहराची जागा काँग्रेसकडे गेली आणि २००४ सालीही तिकडेच राहिली. २००८ साली समितीचा एकही माणूस निवडून आला नाही. २०१३ साली पुन्हा धुगधुगी दिसली. बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील असे दोघे गेले. २०१८ साली शून्य. २०२३ साली पुन्हा शून्य. सहावरून दोन आणि दोनावरून शून्य, असा हा उताराचा रस्ता आहे.

मतयंत्राने केलेली बरखास्ती

परंतु वहीचे खरे पान विधानसभेचे नाही. ते बेळगावच्या नगरपालिकेचे आणि पुढे महापालिकेचे आहे. विधानसभेत समितीला बहुमत मिळणे शक्यच नव्हते. महापालिका मात्र खरोखर तिच्या हातात होती. तीच आमची विधानसभा, असे म्हटले तरी चालेल. आम्हाला संयुक्त महाराष्ट्रात घ्या, ही मागणी बेळगाव नगरपालिकेने १९४८ सालीच केली होती, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या कितीतरी आधी.

२००५ सालच्या ऑक्टोबरात महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. महापौर होते विजय मोरे. पुढच्याच महिन्यात बंगळुरात त्यांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि महापालिका बरखास्त झाली.   २०११ साली महापौर आणि उपमहापौर काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाले, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस महापालिका दुसऱ्यांदा बरखास्त झाली. लोकांनी २०१३ साली पुन्हा समितीच्याच पदरात बहुमत टाकले. हुकूम आला आणि मतदाराने तो परत पाठविला.

मग आले २०२१ साल. तोवर महापालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नसे. मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट असा तो सामना असे. २०२१ साली राष्ट्रीय पक्ष पहिल्यांदाच आपापली चिन्हे घेऊन उतरले. निकाल काय लागला? ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला, १० काँग्रेसला आणि समितीच्या वाट्याला अवघ्या ४! सरकारच्या दोन बरखास्तींनी जे झाले नव्हते ते एका दिवसात मतयंत्राने करून दाखविले. आणि लक्षात ठेवा, त्या ३५ जणांत मराठी बोलणारे बरेच होते. २०२३ साली जी महापौर निवड झाली तीतही मराठी भाषकच निवडून आल्या. म्हणजे गावातून मराठी माणूस नाहीसा झालेला नाही. तो समितीच्या मांडवातून उठून दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसला आहे. तो का उठला, हे आज पाहावयाचे आहे.

मतदारसंघांची मोडतोड

पहिले कारण आमच्या हातातले नाही. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली. बेळगावच्या पश्चिमेकडील मराठी खेड्यांचा उचगाव मतदारसंघ हा समितीचा बालेकिल्ला. तो नकाशावरून गेला. शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, खेड्यांचा ग्रामीण मतदारसंघ झाला आणि काकती-कडोलीकडचा भाग अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या यमकनमर्डीत गेला.

लोकसभेचे चित्र तर याहून गमतीचे आहे. बेळगाव शहर आणि ग्रामीण भाग बेळगाव लोकसभेत, निपाणी आणि यमकनमर्डी चिक्कोडी लोकसभेत, आणि खानापूर थेट कारवारकडच्या उत्तर कन्नड लोकसभेत! एका भाकरीचे तीन तुकडे करून तीन ताटांत वाढल्यावर कुणाचेच पोट भरत नाही. सीमाभागाचा एकत्रित आवाज दिल्लीच्या सभागृहात उमटणे यामुळे फारच कठीण झाले आहे.

परंतु सगळे खापर फेररचनेवर फोडून चालणार नाही. फेररचना २००८ सालची, आणि शहराची जागा गेली ती १९९९ साली.

घरातली दुही

दुसरे कारण आमच्या हातातले आहे आणि म्हणूनच ते जास्त लाजिरवाणे आहे. २०१८ साली समितीचे दोन गट झाले. काही मतदारसंघांत समितीच्याच नावाने दोन-दोन उमेदवार उभे राहिले. दोघेही हुतात्म्यांना हार घालून निघाले आणि दोघेही "खरी समिती आमचीच" असे सांगत फिरले. खानापुरात त्या दोघांना पडलेली मते एकत्र केली असती, तर निवडून आलेल्या उमेदवाराच्या मतांहून ती जास्त भरली असती. ती जागा कुणी हिसकावून नेली नाही. आम्ही ती स्वतःच्या हाताने टाकून दिली.

समितीचा उमेदवार निवडणूक आयोगाच्या दप्तरी अपक्ष म्हणूनच लढतो, हेही यात आले. त्याला पक्षाचे कायमचे चिन्ह नाही. दर वेळी नवे चिन्ह घ्यायचे आणि पंधरा दिवसांत ते घरोघर पोचवायचे. ज्याला चिन्ह नाही त्याच्याजवळ एकजूट तरी हवी. तीही गेली तर मतदाराने ओळखायचे कशावरून?

२०२३ साली शहाणपण आले. मतदारसंघात एकच उमेदवार ठरला. बेळगाव दक्षिणमध्ये समितीच्या रमाकांत कोंडुसकरांनी चांगली झुंज दिली आणि ते बारा हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. खानापुरात मात्र एकच उमेदवार असूनही समिती फार मागे पडली. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. एकजूट केल्याने मते फुटत नाहीत, हे खरे. पण जी मते आधीच उठून गेली ती केवळ एकजुटीने परत येत नाहीत.

तुमच्या भाऊसाहेबांचा धडा

आता मी तुमच्याच इतिहासाकडे वळतो. तिसरे आणि सर्वांत खोल कारण मला तिथे सापडते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. हा आकडा या सभेत बसलेल्या जुन्या मंडळींना अजून टोचत असेल. ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणासाठी झाला, तो या पराभवानंतर संपायला हवा होता, नाही का? पण झाले काय? अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोमंतकीय मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले.

मतदार वेडा होता काय? मुळीच नाही. त्याच्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते आणि त्याने दोन वेगळी उत्तरे दिली. महाराष्ट्रात जायचे काय, या प्रश्नाला त्यातल्या बहुसंख्यांनी नकार दिला. गावात शाळा कोण काढील, कुळाचा कैवार कोण घेईल, या प्रश्नाला त्यांनी "भाऊसाहेब" असे उत्तर दिले.

सीमाभागात आज नेमके याच्या उलट घडत आहे. महाराष्ट्रात जायचे काय, असे आमच्या मराठी माणसाला विचारा. तो आजही "जायचे" असेच म्हणेल. पण गटार कोण साफ करील, जमिनीचा उतारा कोण काढून देईल, पोराच्या दाखल्यासाठी तहसीलदाराकडे कोण येईल, असे विचारा. तो समितीचे नाव घेत नाही. बंगळुरात ज्याचे सरकार आहे किंवा उद्या येईल, त्या पक्षाच्या माणसाचे तो नाव घेतो. मन समितीजवळ आणि मत दुसऱ्याजवळ, अशी ही ताटातूट आहे. तिला गद्दारी म्हणणे फार सोपे आहे. तसे म्हणून मात्र एकही मत परत यावयाचे नाही.

तुमच्या पक्षाच्या पुढच्या इतिहासातही आम्हाला धडा आहे. भाऊसाहेब १९७३ साली गेले. शशिकलाताई काकोडकरांचे सरकार १९७९ साली पडले. त्यानंतर मगो पक्षाला स्वबळावर सत्ता पुन्हा मिळाली नाही. दर निवडणुकीला "या खेपेस सिंह परत येणार" असे म्हणणारे निष्ठावंत होतेच. २०२२ साली पक्षाचे दोन आमदार आले आणि ते दुसऱ्याच्या सरकारात जाऊन बसले. जुनी पुण्याई व्याजासारखी असते. मुद्दलात भर घातली नाही तर एक दिवस व्याजही संपते.

निपाणीचे वेगळे दुखणे

निपाणीची गोष्ट थोडी निराळी आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ साली आला. आम्हाला तो मान्य नाही, कारण त्याने बेळगाव कर्नाटकातच ठेवले. पण त्या आयोगानेसुद्धा निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले होते. म्हणजे ज्या न्यायाधीशाचा निकाल आमच्या विरुद्ध गेला असे आम्ही म्हणतो, त्यानेही निपाणीचा हक्क नाकारला नाही. तरीही निपाणी जिथे होती तिथेच आहे.

या गावाने १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी केवढा मोठा लढा दिला! शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून धरला. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मारले गेले. सीमेसाठी १९५६ साली रक्त सांडलेल्या गावात पंचवीस वर्षांनी तंबाखूसाठी रक्त सांडले. तंबाखूचा शेतकरी आणि विडी वळणारी बाई यांच्या पोटाचा प्रश्न निपाणीत सीमाप्रश्नाच्या बरोबरीने उभा राहिला. समितीने तो आपला मानून शेवटपर्यंत धरला असता, तर निपाणीचे चित्र आज वेगळे दिसले असते असे मला वाटते. १९९९ ते २००८ या तिन्ही निवडणुकांत तिथून काँग्रेसचे काकासाहेब पाटील आणि २०१३ पासून भाजपच्या शशिकला जोल्ले निवडून आल्या. निपाणीच्या बाजारात मराठीवाचून मत मागता येत नाही, हे मात्र प्रत्येक पक्षाला ठाऊक आहे. भाषा जिवंत आहे, पण तिच्या नावाने बोलणारा आमदार नाही.

आशेला जागा आहे काय?

एवढे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग आशा सोडायची काय? नाही. त्याच वहीत दुसरीही पाने आहेत.

१९९६ साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. देशाचे लक्ष सीमाप्रश्नाकडे वळावे म्हणून समितीने शेकडो अर्ज भरविले होते. मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी झाली. पाचशे रुपयांची अनामत त्याच वर्षी दहा हजारांवर गेली, तिला नालगोंडा, मोडाकुरिची यांच्याबरोबर बेळगावही कारण झाले. शेकडो साध्या माणसांनी पदरचे पैसे घालून, हरणार हे ठाऊक असून अर्ज भरले. अशी माणसे ज्या चळवळीजवळ असतात ती मेलेली नसते.

आणि ही फक्त जुनी गोष्ट नव्हे. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीने शुभम शेळके या तरुणाला उभे केले. त्याला १ लाख १७ हजारांहून अधिक मते मिळाली आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य पाच हजारांच्या आसपास उतरले. दोन्ही राष्ट्रीय पक्षांना घाम फुटला. पुढाऱ्यांपेक्षा पोरे जास्त राबली होती. मात्र चारच महिन्यांनी महापालिकेत चार जागा आणि २०२४ च्या लोकसभेला फार थोडी मते! एप्रिलमधले लाखभर मतदार सप्टेंबरात कुठे गेले? लोकसभेच्या मताने त्यांना आपले मन सांगायचे होते, ते त्यांनी सांगितले. महापालिकेच्या मताने नळाला पाणी आणायचे होते. पुन्हा तोच तुमच्या १९६७ चा धडा!

आमदार कशासाठी?

कुणी म्हणेल, खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, मग आमदार हवेत कशाला? महाराष्ट्राने २००४ साली दावा दाखल केला आणि तो अजून निकाली लागलेला नाही. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. हे सगळे खरे. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत माणसांनी जगायचे कसे?

घटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणते. ३५० ब कलमाने त्यांच्यासाठी खास अधिकारी नेमला आहे. ज्या भागात पंधरा टक्के लोक वेगळी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेत द्यावीत, असे १९५६ पासून केंद्राचे धोरण आहे. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आमच्या लोकांनी लाठ्या-गोळ्या झेलल्या. २०२४ साली कर्नाटकात पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा झाला. अशा वेळी सभागृहात उभे राहून "पंधरा टक्क्यांच्या नियमाचे काय झाले?" एवढे विचारायला तरी कुणी हवे की नको? उत्तर नकारार्थी आले तरी ते दप्तरात नोंदले जाते. मोर्चा संध्याकाळी पांगतो, सभागृहातला प्रश्न छापून राहतो.

आणि नियतीची थट्टा पाहा. कर्नाटकाने बेळगाववरचा आपला हक्क ठसविण्यासाठी २००६ साली इथे विधिमंडळाचे अधिवेशन भरविले. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध ही भव्य इमारत उभी केली. २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. हिवाळ्यात साऱ्या राज्याचे आमदार तिथे येऊन बसतात. त्याला उत्तर म्हणून समिती महामेळावा घेते, आणि अलीकडच्या वर्षांत त्याला परवानगीच नाकारली जात आहे. बंगळूर पाचशे किलोमीटरवर होते, तेव्हा आमची माणसे सभागृहात बसत होती. सभागृह आमच्या दारात आले, तेव्हा आमचा माणूस बाहेर आहे आणि बाहेरही त्याला उभे राहू देत नाहीत!

काय करावे लागेल?

ठरल्याप्रमाणे पुढची विधानसभा निवडणूक २०२८ साली आहे. समितीला २२४ पैकी चार-पाच जागांचीच आशा धरता येते. त्या परत मिळविण्यासाठी तीन गोष्टी मला आवश्यक वाटतात.

पहिली, उमेदवार वर्षभर आधी ठरावा, आणि तो गावोगावच्या बैठकांतून ठरावा. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी केलेली एकी मतदाराला पटत नाही.

दुसरी, सीमाप्रश्न आणि गटारप्रश्न यांत उच्चनीच मानू नये. समितीचे कार्यालय १ नोव्हेंबर आणि १७ जानेवारीपुरते उघडे नको. रेशनकार्ड अडलेल्या बाईला, जमीन रिंगरोडात जाते म्हणून घाबरलेल्या शेतकऱ्याला तिथे कुणीतरी भेटले पाहिजे. भाऊसाहेबांनी शाळा काढल्या म्हणून लोकांनी त्यांचे झेंड्याविषयीचे म्हणणेही आदराने ऐकले. हा क्रम उलटा लावून चालत नाही.

तिसरी गोष्ट महाराष्ट्रातल्या पक्षांसाठी. तुम्ही मुंबईत आणि नागपुरात एकमताने ठराव करता आणि निवडणूक आली की बेळगावात येऊन समितीच्या विरुद्ध आपल्या पक्षाचा प्रचार करता. कृपा करून दोहोंपैकी एक काहीतरी करा. प्रा. एन. डी. पाटील यांनी पक्ष बाजूला ठेवून हा प्रश्न अखेरपर्यंत खांद्यावर वाहिला. १७ जानेवारी २०२२ रोजी, नेमक्या हुतात्मा दिनीच, त्यांनी देह ठेवला. त्यांच्यासारखा आग्रह धरणारा माणूस आज महाराष्ट्रात शोधावा लागतो.

एक खुलासा मात्र करतो. आमचे कन्नड माणसाशी वैर नाही. बेळगावच्या पेठेत एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषांत सौदा होतो. आमची तक्रार सक्तीविरुद्ध आहे आणि लोकमत डावलून ओढलेल्या रेषेविरुद्ध आहे.

तेव्हा "समितीचे काय?" या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जागा परत येऊ शकतात. लाखभर मतदारांनी २०२१ साली ते दाखवून दिले आहे. पण त्या हुतात्म्यांच्या पुण्याईवर परत येणार नाहीत. ती पुण्याई आम्ही फार वर्षे खाल्ली. कौल पुन्हा उजवा पडावा असे वाटत असेल, तर आधी देवाचे अंगण झाडावे लागेल. तुमच्यापैकी अनेकांच्या लेकीबाळी बेळगाव-खानापुरात दिल्या आहेत, अनेकांची सोयरीक तिकडे आहे. पुढच्या खेपेस तिकडे जाल तेव्हा समितीच्या पुढाऱ्याला हाच प्रश्न विचारा. पण "किती जागा येणार?" असे विचारू नका. "गेल्या महिन्यात कितीजणांची कामे केलीत?" असे विचारा. त्याचे उत्तर तो अडखळता देऊ लागला, की समजा २०२८ लाही काही खरे नाही. आणि त्याने वही काढून नावे वाचून दाखविली, की खुशाल समजा, हलग्याच्या त्या इमारतीत आमचा माणूस पुन्हा बसणार आहे.

जय महाराष्ट्र!